अंतर्वस्त्रांचा प्रश्न आणि मराठी समीक्षेचा संकोच

मराठीच्या प्राध्यापकांनी अंतर्वस्त्रांवर लेख लिहावा, ही गोष्ट आमच्या काही सहकाऱ्यांना रुचणार नाही याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. स्टाफरूममध्ये त्यावर कोणते विनोद होतील, तेही आम्ही आताच सांगू शकतो. त्या विनोदांच्या धास्तीने हा विषय टाळावा असे मात्र आम्हांला वाटत नाही. कारण ते हसणेच या लेखाच्या मुळाशी आहे. पारलिंगी स्त्री, म्हणजे जन्मतः जिची नोंद मुलगा म्हणून झाली पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते आणि तशी जगते अशी व्यक्ती. तिला स्वतःच्या अंगाला मानवतील, मापात बसतील, दिवसभर घालून काम करता येईल अशी अंतर्वस्त्रे निवडता येतात काय? येत नसतील तर का येत नाहीत? आणि या न येण्यात आपल्या साहित्याचा व समीक्षेचा वाटा किती? एवढे तीनच प्रश्न आम्हांला येथे मांडावयाचे आहेत.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मराठी सुशिक्षित समाज पारलिंगी स्त्रीच्या वेदनेला दाद द्यायला शिकला आहे. तिच्या सोयीला दाद द्यायला तो अद्याप तयार नाही. ती रडली की आपण हेलावतो, तिने मापाची बॉडीस मागितली की आपण ओठ दाबून हसतो. ज्या सहानुभूतीला सोय सहन होत नाही, त्या सहानुभूतीचे मोल काय, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

प्रथम व्यवहार पाहू. आमचे हिंगणघाट हे कापसाचे गाव. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदपत्रांत 'हिंगणघाट' हे गावाचे नाव होतेच, पण कापसाच्या एका नावाजलेल्या वाणालाही त्याच नावाने ओळखत. त्याच शतकाच्या अखेरीस येथे गिरण्या निघाल्या. आजही हंगामात बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि जिनिंगमधून उडालेली रुई रस्त्याच्या कडेला साचते. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात अंगाला लागून कोणते कापड असावे, हे येथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: सुती, पातळ, घाम टिपणारे. गरीब मजूर स्त्रीलाही हे शहाणपण आईकडून, मावशीकडून मिळते. पारलिंगी स्त्रीला ते कोणी देत नाही. आईने लेकीला पहिल्यांदा दुकानात नेऊन हळू आवाजात जे सांगायचे असते, ते सांगणारी आई तिला बहुधा नसते. आणि ज्यांच्याकडे ती आसरा घेते त्या गुरूच्या घरीही चर्चा असते ती साडीची, बांगड्यांची, केसांची.

म्हणून ती एकटी दुकानात जाते. दुकानदार विचारतो, ''कोणासाठी पायजे, दादा?'' या प्रश्नात दुष्टपणा असेलच असे नाही. पण त्या एका 'दादा'ने पुढचे सगळे ठरते. ती म्हणते, ''बहिणीसाठी.'' एकदा हे खोटे बोलले की माप सांगता येत नाही, कापड हातात घेऊन ताणून पाहता येत नाही, घट्ट झाले म्हणून बदलून मागता येत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून जे मिळेल ते घ्यायचे आणि निघायचे. बहुतेक वेळा हाती येते ते नायलॉनचे, जाळीचे, रंगीत. कारण दुकानदाराच्या लेखी ही खरेदी एक तर चोरटी असते नाही तर शौकाची. रोजच्या वापराचा साधा पांढरा सुती कपडा तिला हवा असेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

आता मापाचे पाहा. ब्रेसियरवरचा आकडा छातीखालच्या घेराचा असतो आणि अक्षर उभाराचे. अनेक स्वस्त ब्रेसियरवर अक्षर छापलेलेच नसते, नुसता आकडा असतो. घेर वाढला म्हणजे उभारही वाढला, असे गृहीत धरून माल शिवलेला असतो. पारलिंगी स्त्रीच्या छातीचा पिंजरा बऱ्याचदा रुंद असतो, खांदे रुंद असतात आणि उभार थोडा असतो. तिला अडतीसचा घेर आणि लहान कटोरी हवी असते. हे माप लहान गावच्या दुकानात सहसा नसते. मग ती चौतीस घेते आणि फासळ्यांवर वळ उमटवून घेते, किंवा अडतीस घेते आणि पोकळ कटोरीत चिंध्या कोंबते. संप्रेरकांचे उपचार घेणाऱ्या स्त्रीची अडचण आणखी निराळी. उपचार सुरू झाल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत स्तनाग्रांमागे गाठ येते, ती अतिशय हुळहुळी असते. पुढची वाढ दोन-तीन वर्षे चालते. या काळात तारेची, कडक शिवणीची ब्रेसियर म्हणजे छळच. तिला हवी असते मऊ, बिनतारेची, रुंद पट्ट्यांची, आणि दर काही महिन्यांनी माप पुन्हा घेण्याची मोकळीक.

कमरेखालचा प्रश्न याहून नाजूक, आणि म्हणूनच अधिक अंधारात. पुरुषांची चड्डी पुढे जागा सोडून शिवलेली असते. स्त्रियांची चड्डी खाली अरुंद. शस्त्रक्रिया न केलेल्या पारलिंगी स्त्रीला सलवार-कुर्त्यात नीट दिसावे म्हणून अवयव मागे दाबून बसवावे लागतात. त्यासाठी कोणी एकावर एक दोन-तीन घट्ट चड्ड्या घालते, कोणी चिकटपट्टी लावते. दहा-बारा तास असे राहिले की कातडी सोलवटते, घामाने गजकर्ण होते, वृषणांत कळा येतात. त्यात भर म्हणजे लघवीला कोठे जायचे हा प्रश्न सुटलेला नसतो. आमच्याकडे शिकून गेलेली एक विद्यार्थिनी तासांच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नसे. उन्हाळ्यात, या मुलखात. मूत्रमार्गाचा संसर्ग हा अशा सवयीचा ठरलेला शेवट. यावरचा उपाय काही गूढ नाही: पुरेशा रुंदीचे, लवचिक पण श्वास घेणारे सुती कापड, चिकटपट्टीला फाटा, मध्ये-मध्ये मोकळीक, रात्री सैल कपडे, आणि भरपूर पाणी. ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली त्यांनाही जखम भरेपर्यंत अनेक आठवडे सैल सुती कपड्यांची आणि पॅडची गरज असते. हे सारे कोणीतरी साध्या मराठीत सांगितले असते, तर किती यातना वाचल्या असत्या! पण साध्या मराठीत सांगायचे म्हटले की आपल्याला शब्द सापडत नाहीत.

येथे आमचा, म्हणजे मराठीच्या शिक्षकांचा, संबंध सुरू होतो.

मराठीला हा संकोच जन्मजात आहे, असे कोणी म्हणू नये. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी ज्याचे नाते आहे, तो 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जेवण, स्नान, वस्त्र, आजार यांच्या तपशिलांनी भरलेला आहे. आणि स्त्रीच्या विटाळाची कल्पना नाकारणारे चक्रधरही त्याच ग्रंथात भेटतात. जात्यावरच्या ओव्यांत चोळी किती परींनी येते! खणाचा रंग, शिंप्याची शिलाई, भावाने घेतलेली चोळी, तिचे अप्रूप. ओवी गाणारी बाई स्वतः ती चोळी अंगात घालणारी आहे, त्यामुळे ती चोळीविषयी अधिकाराने बोलते. याउलट शाहिरी लावणीतली चोळी पाहणाऱ्याच्या नजरेतून शिवलेली असते. ती तंग असते, भरजरी असते. पण ती काचते का, हे लावणी विचारत नाही. नागर मराठी समीक्षेने लावणीची नजर उचलली आणि ओवीचा अधिकार मागे ठेवला. चोळी रसिकाच्या बाजूने आली तर शृंगार, घालणारीच्या बाजूने आली तर ग्राम्यता, ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

रंगभूमीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' झाले तेव्हापासून पुढे कित्येक दशके मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. पुरुषाच्या रुंद देहाला स्त्रीचा घाट द्यायचा, छाती कशाने भरायची, कंबर कोठे आवळायची, एवढे करून तास न् तास गाता यावे म्हणून श्वास कसा मोकळा ठेवायचा, हे ज्ञान आपल्या नाटक मंडळ्यांच्या रंगपटात पिढ्यान् पिढ्या होते. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीतल्या बालगंधर्वांचे नेसणे, केशभूषा, शालू पाहून घरंदाज स्त्रिया अनुकरण करीत, ही हकिकत आपण वर्गात कौतुकाने सांगतो. सांगायलाच हवी. पण तीच वस्त्रविद्या रंगमंचाबाहेर एखाद्या व्यक्तीने आपल्या जगण्यासाठी मागितली, की आपले कौतुक तिरस्कारात का बदलते? तिकीट काढून पाहिले तर कला आणि शेजारच्या बाकावर बसली तर विकृती, हा न्याय कोठला?

आधुनिक कथा-कादंबरीनेही हे कोडे सोडवले नाही. राजन गवस यांच्या 'भंडारभोग'मधला जोगता आणि त्या जगावर उभा राहिलेला 'जोगवा' हा २००९ चा चित्रपट, आनंद यादव यांची 'नटरंग' आणि तिच्यावरचा २०१० चा चित्रपट, या कलाकृतींचे मोल आम्ही मानतो. त्या आम्ही शिकवतो. पण त्या एकापाठोपाठ वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनावर काय ठसते? पुरुष म्हणून वाढवलेल्या देहावर स्त्रीचे वस्त्र येते ते एक तर देवीच्या नावाने लादलेली शिक्षा म्हणून, नाही तर कलेसाठी केलेला त्याग म्हणून. दोन्हीकडे ते वस्त्र दुःखाचे. ते कोणाला हवेसे वाटू शकते, ते घातल्यावर एखादीला प्रथमच हायसे वाटू शकते, ही शक्यता वाचकाच्या कल्पनेत शिरतच नाही. जोगत्याच्या अंगावर सक्तीने आलेले लुगडे आणि पारलिंगी स्त्रीने स्वतः निवडलेला परकर या दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. पहिलीत निवड हिरावली जाते, दुसरीत ती मागितली जाते. आपण मात्र दोन्हींना एकाच उसाशाने निरोप देतो.

पुढे त्या स्वतः बोलू लागल्या. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' २०१२ साली आले. दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह आला. समीक्षेने त्यांचे स्वागत कसे केले? 'विदारक', 'दाहक', 'अंगावर काटा आणणारे' या नेहमीच्या विशेषणांनी. दलित आत्मकथनांच्या वाट्याला जे आले तेच येथे पुन्हा आले. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महार स्त्रीने लुगड्याचा काठ दिसू न देता नेसावे, हा गावाचा नियम नोंदलेला आहे. कापडाच्या एका काठावर सत्ता कशी चालते, हे त्या एका तपशिलात सगळे येते. आपण तो दाहक म्हणून अधोरेखित केला आणि पुढे गेलो. त्यातून मिळालेले पाहण्याचे शिक्षण इतरत्र वापरले नाही. ते वापरले असते, तर कोणाला कोणते कापड अंगावर घेण्याची मुभा आहे, हा प्रश्न आपण पारलिंगी स्त्रीबाबतही कधीच विचारला असता.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही, त्याला कायद्याचा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग खास हिजड्यांसाठी होता. त्यानुसार उत्तरेकडील काही प्रांतांत, नोंदणी झालेली अशी व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेषात वा स्त्रीचे अलंकार घालून दिसली, तर तिला वॉरंटाविना अटक करता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकणारे वस्त्र घालता यावे म्हणून दशकानुदशके लढावे लागले. १८५९ साली त्यांना जाकीट घालण्याची परवानगी मिळाली. आणि १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्याच्या निकालात, व्यक्तीने आपली लिंगओळख पोशाखातून व्यक्त करणे हे संविधानाच्या कलम १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते, असे म्हटले. म्हणजे जो समाज एकेकाळी वस्त्रासाठी तुरुंग दाखवत होता, त्याच समाजाच्या न्यायालयाने वस्त्राला अभिव्यक्तीचा दर्जा दिला. अभिव्यक्ती हा तर आमच्या विषयाचा प्राणशब्द! मग आमच्या विभागांत या निकालाची चर्चा किती झाली?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ठरलेला आहे: येथे कापूस पिकवणारा शेतकरी आत्महत्या करतो आहे आणि तुम्हांला अंतर्वस्त्रे सुचतात? या आक्षेपामागची कळकळ आम्ही जाणतो. आमच्या वर्गात त्याच घरांतली मुले बसतात. पण दुःखांची उतरंड लावून वरचे मडके उतरेपर्यंत खालच्याला हात लावायचा नाही, हा नियम आपण फक्त दुबळ्यांनाच का लावतो? शेतकऱ्याच्या नावाने गप्प बसवली जाणारी ही स्त्री पुष्कळदा शेतकऱ्याच्याच घरात जन्मलेली असते. ज्या मातीतून कापूस निघाला त्याच मातीतून ती निघाली.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. ही गोष्ट चार भिंतींआडची, ती चव्हाट्यावर कशाला? चार भिंती ज्यांना आहेत, त्यांनी हा आक्षेप घ्यावा. ज्यांना दुकानात कपडा घालून पाहायची खोली नाही, कॉलेजात जायला स्वच्छतागृह नाही, त्यांचे खासगीपण आधीच चव्हाट्यावर आहे. शिवाय र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून देहाविषयी स्वच्छ मराठीत बोलता येते हे दाखवून दिले आहे. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. हे नाव घेऊन मिरवणाऱ्या महाराष्ट्राने संकोचाची ढाल पुढे करू नये.

तिसरा आक्षेप आमच्या स्त्रीवादी मैत्रिणींचा, आणि तो गंभीर आहे. ब्रेसियर हेच मुळी पुरुषी नजरेने स्त्रीदेहाला घातलेले बंधन. १९६८ साली अटलांटिक सिटीत सौंदर्यस्पर्धेविरुद्ध निदर्शने करताना स्त्रियांनी ब्रेसियर कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. आणि तुम्ही तीच मागता? आमचे उत्तर असे की, टाकून देण्याचा हक्क बजावायला आधी ती वस्तू आपली असावी लागते. काय घालावे, काय टाकावे, हे घालणारीने ठरवायचे, एवढेच ती चळवळ सांगत होती. आम्ही येथे घाटदार दिसण्याची वकिली करीत नसून फासळीवर वळ न उठता श्वास घेता यावा, अशी मागणी करतो आहोत. ती मागणी पारलिंगी स्त्रीची आहे तशीच तुमचीही आहे. रोजचा काच सोसणे हेच बाईपण, अशी समजूत पारलिंगी स्त्रीच्या माथी मारली, तर ती उद्या सगळ्याच स्त्रियांच्या माथी परत येईल.

या सोयीवर भाकरीही अवलंबून आहे, हे विसरता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात प्रश्न आला तो पोलीस भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांना पर्याय देण्याचा. पर्याय द्यावा लागला. वर्तमानपत्रांनी अर्जातल्या त्या रकान्याची बातमी केली. पण रकाना भरल्यानंतर मैदानावर धावायचे असते. उपचारांनी हुळहुळलेली छाती आणि घट्ट बांधलेली कंबर घेऊन जी उमेदवार धावणार, तिला मापाचा आधार देणारे वस्त्र नसेल तर तो रकाना तिला कोठवर नेणार? हक्क कागदावर मिळतो. तो अंगाला लागतो की नाही, हे शेवटी शिवणीवर ठरते.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. वर्गात 'नटरंग' शिकवताना गुणाच्या त्यागाबरोबर हेही विचारावे की, ज्या व्यक्तीला हा वेष त्याग न वाटता आपला वाटतो तिच्याविषयी मराठीत काय लिहिले गेले आहे. आत्मकथनांचे परीक्षण करताना 'विदारक' हा शब्द लिहिण्याआधी क्षणभर थांबावे आणि लेखिकेने कपड्यालत्त्याचे, खाण्यापिण्याचे, झोपेचे काय सांगितले आहे ते वाचावे. महाविद्यालयातल्या आरोग्य तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी या गोष्टी नाव घेऊन, मराठीतून सांगाव्यात, आणि एका तरी स्वच्छतागृहाची किल्ली न विचारता मिळावी. आणि आमच्या गावच्या होजिअरी दुकानदारांना, ज्यांच्यातले कित्येक आमचेच विद्यार्थी आहेत, एवढेच सांगणे आहे: समोर कोणीही उभे असो, ''कोणासाठी पायजे'' हे विचारू नका. ''माप काय, आणि सुती देऊ का'' एवढे विचारा. धंद्यालाही तेवढेच पुरते.